काकडीपुरतं पोलाद

सह्याद्रीत भटकणाऱ्या माणसाला आजार ठरावीक क्रमाने जडतात. आधी बूट. मग सॅक. मग पावसाळी जाकीट, जे पावसात बाहेरून भिजतं आणि उन्हात आतून भिजवतं. मग डोक्याला बांधायचा दिवा, जो डोंगरात कमी आणि सोसायटीच्या टाकीत पाणी आहे का हे बघायला जास्त वापरला जातो. एवढं सगळं घेऊन झाल्यावर आता हा बरा होईल, असं घरच्यांना वाटू लागतं आणि नेमका तेव्हाच त्याला चाकू लागतो.

मला तो मोबाइलमधून लागला. रात्री जेवण झाल्यावर मी व्हिडिओ बघायचो. त्यात उत्तरेकडच्या कुठल्या तरी थंड देशातलं जंगल असायचं आणि एक दाढीवाला माणूस. तो काही बोलायचा नाही. चाकूचं पातं ओंडक्यावर टेकवायचा, वरून दुसऱ्या लाकडाने ठोकायचा आणि ओंडका उभा चिरला जायचा. मग त्यातल्या एका ढलपीवरून पातं अलगद ओढत तो कुरळ्या, कागदाहून पातळ साली काढायचा, ठिणगी पाडायचा, जाळ करायचा आणि त्यावर कॉफी. कॉफी पिताना तो दूर कुठे तरी बघायचा. त्या बघण्यात असं काही होतं की आपल्याही आयुष्यात एक चाकू हवा, असं वाटून जायचं.

मी कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. गॅस पाइपलाइनचा आहे. राखीव जंगलात जाळ करणं हा कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे ओंडका फोडायची वेळ माझ्यावर यायची तर आधी त्या दाढीवाल्याच्या देशाचा व्हिसा काढावा लागेल. ट्रेकवर माझ्या वाट्याला येणारी खरी कापाकापी म्हणजे काकडी, कांदा, लिंबू आणि फरसाणाची पिशवी. ही पिशवी ‘इथून फाडा’ असं छापलेली जागा सोडून कुठूनही फाटते. आजवर ही सगळी कामं दात आणि शेजारच्याचा चाकू यांच्यावर निभावली होती.

“चाकू?” बायको म्हणाली. “घरात चार आहेत.”

“ते किचनचे.”

“मग हा कुठला?”

“आउटडोअरचा.”

“आउटडोअर म्हणजे आपली बाल्कनी?” मी काही बोललो नाही. “आणि कशासाठी हवाय?”

“असावा गं माणसाकडे एक.”

हे उत्तर मराठी संसारात सोनं आणि इन्व्हर्टर सोडून कशालाच चालत नाही. तरी एक हजार रुपये मंजूर झाले, तेही ‘बुटांच्या वेळी केलंस ते करायचं नाही’ या अटीवर. बुटांच्या वेळी मी काय केलं होतं, हा या लेखाचा विषय नाही.

हजार रुपयांत चाकू घ्यायचा असेल तर सरळ दुकानात जावं आणि घ्यावा. पण कमी पैशांत खरेदी करणाऱ्याला आधी अभ्यास करावा लागतो. ज्याच्याकडे पैसे भरपूर, तो चुकीची वस्तू घेऊन मोकळा होतो. आपल्याला बरोबरच वस्तू घ्यायची असते, त्यामुळे आपण मोकळे होत नाही.

पोलादाचा अभ्यास म्हणजे आकड्यांचा डोंगर. ४२०, ४४०, डी२, सँडविकचं १२सी२७. पोलादात क्रोमियम साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर गेलं की ते स्टेनलेस म्हणवून घेतं, हे मला कळलं. रॉकवेल नावाच्या मापाने त्याचा कडकपणा मोजतात, त्यासाठी हिऱ्याचं टोक धातूत दाबतात आणि ते किती रुततं ते बघतात, हेही कळलं. चांगले चाकू बहुधा ५६ ते ६० च्या दरम्यान असतात. कडक पोलादाची धार टिकते, पण त्याला दगडावर धार लावता लावता हात मोडतो आणि नको तिथे जोर दिला तर पात्याचा टवका उडतो. मऊ पोलादाला धार पटकन लागते आणि तितक्याच पटकन जाते. कार्बन स्टील झकास कापतं आणि गंजतं. स्टेनलेस गंजत नाही, म्हणून लोक त्याला नावं ठेवतात. हे सगळं वाचून झालं की प्रत्येक लेखाच्या शेवटी एकच वाक्य असतं: शेवटी तुमचा वापर काय, त्यावर आहे. म्हणजे बायकोने जे एका शब्दात विचारलं होतं, ते हे तज्ज्ञ चार हजार शब्दांनंतर विचारत होते.

अभ्यासाचा परिणाम जेवणाच्या ताटापर्यंत पोहोचला. सुरीचं पोलाद चुंबकाला चिकटतं आणि चांगल्या प्रतीच्या स्टेनलेसची ताट-वाटी बहुधा चिकटत नाही, हे वाचल्यावर फ्रीजवरचं गणपतीचं चुंबक काढून मी स्वयंपाकघरात फिरू लागलो. ताटं झाली, वाट्या झाल्या, पळी झाली. डब्यांपैकी काही चिकटले, काही नाही. आई ओट्यापाशी उभी राहून बराच वेळ बघत होती.

“काय हरवलंय रे?”

“काही नाही. ग्रेड बघतोय.”

“लग्नातली भांडी आहेत ती,” आई म्हणाली. “तेव्हा ग्रेड बघत नव्हते, वजन बघायचे. आणि गणपती जागेवर लाव.”

मग परदेशी घराण्यांची माहिती काढली. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनरने १८८४ साली इबाख गावात कारखाना काढला आणि १८९१ मध्ये स्विस सैन्याला घडीचे चाकू पुरवायला सुरुवात केली. तोच कारखाना पुढे व्हिक्टोरिनॉक्स झाला. सैनिकांच्या चाकूत डबा उघडायची सोय होती. मागाहून अधिकाऱ्यांसाठी निघालेल्या चाकूत बाटलीचं बूच काढायचा स्क्रू आला. कोणत्या हुद्द्याला काय उघडावं लागतं, याचा एवढा स्वच्छ अभ्यास आपल्याकडे वेतन आयोगानेही केला नसेल. फ्रान्सच्या साव्वा भागात जोझेफ ओपिनेलने १८९० साली शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा घडीचा चाकू केला. त्याला नंबर असतात, आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं आणि १९५५ पासून त्याला पातं अडवून धरणारी फिरती कडी. स्वीडनच्या मोरा गावचे चाकू तिकडचे सुतार आणि बांधकामावरचे कामगार पँटला अडकवून हिंडतात. तिकडच्या सुताराचा तो चाकू समुद्र, जकात आणि कुरिअर ओलांडून इकडे येईपर्यंत त्याची किंमत अशी होते की इकडचा सुतार त्याला हात लावत नाही. सॉफ्टवेअरवाले घेतात आणि मॉनिटरच्या शेजारी ठेवतात.

ही घराणी हजारात बसत नव्हती किंवा बसलीच तर कुरिअरच्या पैशांत उठत होती. म्हणून मी त्या विभागात शिरलो जिथे सगळं हजारात बसतं.

तिथल्या चाकूंना ‘सर्व्हायव्हल’ म्हणतात. ही जात फोफावली ती १९८२ साली आलेल्या रॅम्बोच्या पहिल्या सिनेमानंतर. पात्याच्या पाठीला करवत, मूठ पोकळ, त्या पोकळीत काड्या, गळ, दोरा, सुई आणि मुठीच्या टोपणात होकायंत्र. माझ्याकडे आला तो असाच होता. सुई बघून आई म्हणाली, “ही मला दे, बारीक डोळ्याची आहे.” त्या खरेदीतली तेवढी एकच वस्तू आजही वापरात आहे. काड्यांचं गुल ओढताच उडून जात होतं. पण खरा चमत्कार होकायंत्रात होता. टोपण मुठीवर लावलं की काटा पात्याकडे वळायचा. चाकू उत्तरेला धरा, दक्षिणेला धरा, फ्रीजकडे धरा. पातं जिकडे, उत्तर तिकडे, असं त्याचं ठाम मत होतं. पोलादाच्या तुकड्यावर होकायंत्र बसवल्यावर दुसरं काय होणार! दिशा अचूक हवी असेल तर चाकू फेकून द्यावा, असाच त्या यंत्राचा सल्ला असावा.

विकत घेण्याआधी मी लोकांचे अभिप्राय वाचले नव्हते असं नाही. पाच तारे देणाऱ्या एकाने लिहिलं होतं, ‘डिलिव्हरी वेळेत, अजून उघडला नाही.’ दुसरा म्हणत होता, ‘आईला भाजीसाठी घेतला, आई खूश.’ एकाने एकच तारा दिला होता आणि कारण लिहिलं होतं, ‘बोट कापलं.’ माझ्या मते एवढाच त्या चाकूचा खरा गौरव होता.

त्याच विभागात दमास्कसचे चाकू होते. खऱ्या दमास्कस पात्याला लाटांची नक्षी असते आणि ती ज्या पोलादामुळे गाजली ते पोलाद मुळात आपल्या दक्षिणेतून तिकडे जायचं. माझ्या एका मेहुण्याने हजाराच्या आतला दमास्कस मागवला. नक्षी सुरेख होती. पहिल्या दिवशी भांडी घासणाऱ्या मावशींनी तारेच्या घासणीने तो चाकू स्वच्छ केला आणि इतक्या शतकांची परंपरा सिंकमधून वाहून गेली. मावशी म्हणाल्या, “डाग होते, निघाले बघा सगळे.”

चाकूची खबर सोसायटीत पसरायला वेळ लागला नाही. खालच्या मजल्यावर पोलीस खात्यातून निवृत्त झालेले काका राहतात. जिन्यात त्यांनी मला अडवलं.

“चाकू घेताय म्हणे.”

“छोटासाच, काका.”

“छोटा म्हणजे किती? नऊ इंच लांब किंवा दोन इंच रुंद याच्या वर पातं गेलं की शस्त्र. १९५९ चा कायदा आहे. आणि आयुक्तांनी पोलीस कायद्याच्या सदतीस कलमाखाली मनाई हुकूम काढला असेल तर छोटा घेऊनही रस्त्यावर मिरवायचं नाही. कशासाठी हवाय?”

“काकडीसाठी.”

काकांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. खात्यात असताना असल्या उत्तरावर ते पुढची चौकशी कशी करत असतील, ते त्या बघण्यात दिसत होतं.

घरी येऊन मी मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली आणि सगळी पाती मोजली. चाकू सगळे निष्पाप निघाले. आजीच्या वेळची विळी मात्र रुंदीला हद्दीवर होती. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी घडवलेल्या हत्यारांना नियमांतच सूट आहे म्हणून बरं, नाहीतर आजपर्यंत आमच्या घरात नारळ खवणाऱ्या प्रत्येक बाईला परवाना काढावा लागला असता.

सुईवाला चाकू परत करून पैसे मिळवले आणि ऑनलाइनचा नाद सोडून मी पेठेत गेलो. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत लोखंडाचं जे जे काही असतं ते मिळतं: खिळे, साखळ्या, कुलपं, कप्प्या. एका दुकानात शिरलो. मालक हिशेब करत होते.

“चाकू दाखवा.”

“कशासाठी?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“म्हणजे, जनरल.”

“जनरल काही नसतं. कांद्याला, फळाला, मटणाला, का चामड्याला?”

“डोंगरात न्यायला.”

“डोंगरात काय कापता?”

मी विषय बदलला. “पोलाद कुठलं आहे?”

“चांगलं आहे.”

“पातं मुठीत पूर्ण गेलंय का? फुल टँग?”

“फुल घ्या, हाफ घ्या, तीसच रुपये.” असं म्हणत त्यांनी हिरव्या प्लॅस्टिक मुठीचा चाकू काउंटरवर टाकला. “चौकातला फळवाला आमच्याकडूनच नेतो. दिवसाला पोतंभर अननस सोलतो.”

पोतंभर अननसांपुढे माझी एक काकडी काढायला जीभ रेटेना. शिवाय तीस रुपयांचा चाकू घेतला तर उरलेल्या नऊशे सत्तर रुपयांचं आणि एवढ्या अभ्यासाचं काय करायचं, हा प्रश्न होताच. मी ‘बघून येतो’ म्हणालो. पुण्यात हे वाक्य दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांनीही मान्य केलेली फारकत असते.

जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी चादरीवर दुनिया मांडलेली असते. तिथे चाकू भरपूर होते आणि प्रत्येक चाकू मिलिटरीचा होता. विक्रेता आधी इकडेतिकडे बघायचा, मग आवाज खाली आणून सांगायचा, “साहेब, मिलिटरीचा माल आहे.” शेजारची पाण्याची बाटली मिलिटरीची होती, पट्टा मिलिटरीचा होता, साबणाची डबीही मिलिटरीची होती. एवढं सामान जुन्या बाजारात असेल तर सीमेवर काय उरलं असेल, या काळजीने मी व्याकूळ झालो. किंमत आठशेवरून सुरू झाली. मी निघालो की पन्नास कमी व्हायची. चार पावलं टाकली, वळून पाहिलं, पुन्हा चार पावलं टाकली. अशाने चाकू दोनशेवर आला आणि मग एवढ्या स्वस्तात देतोय म्हणजे नक्की फसवतोय, असं वाटून मी तो घेतला नाही.

अभ्यासूंच्या जगात शेवटी एक टप्पा येतो, तो म्हणजे आपल्या मातीकडे वळण्याचा. नसरापूर फाट्याच्या अलीकडे रस्त्याला लागून घिसाडी लोहाराचं पाल होतं. मी गाडी थांबवली. जमिनीत रोवलेली ऐरण, शेजारी कोळशाचा खड्डा आणि हाताने फिरवायचा पंखा. तो मुलगा फिरवत होता. बाप सांडशीत लालबुंद तुकडा धरून बसलेला आणि आई उभी राहून घण घालत होती. घाव पडला की बाप सांडशी जराशी फिरवायचा. दोघं एकमेकांकडे बघतही नव्हती आणि एक घाव चुकत नव्हता. लाल रंग उतरून काळपट झाला की तुकडा परत कोळशात. शेवटी धारेचा काठ तेवढा पाण्यात बुडवला, चर्र झालं. पात्यावरून निळसर-पिवळा रंग सरकत काठाकडे येईपर्यंत तो बघत राहिला आणि मग सगळंच पाण्यात टाकलं. पुस्तकांत या कामाला तापमानाचे तक्ते देतात. इथे तक्ता डोळ्यात होता.

“लोखंड कुठलं?” मी विचारलं.

“ट्रकच्या पाट्याचं हाय,” तो म्हणाला. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं पोलाद चांगलं कार्बनवालं असतं, हे मी वाचलं होतं. मी खुशीत मान डोलावली.

“रॉकवेल किती असेल?”

तो माझ्याकडे बघत राहिला. बाईने घण खाली टेकवला, कपाळावरचा घाम पुसला.

“कापायचं काय तुमास्नी?”

“काकडी.”

“आन् ती दातानं खायला काय झालं?”

माझ्या एवढ्या अभ्यासावरचं ते सर्वांत कमी शब्दांतलं परीक्षण होतं. तिच्यासमोर कोयते होते, खुरपी होती, विळे होते. सगळ्यांना काम ठरलेलं. लाज राखण्यापुरतं मी एक खुरपं घेतलं. सध्या ते बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीत असतं. बायको म्हणाली तेच खरं झालं, बाल्कनी हेच आमचं आउटडोअर.

एवढ्या घडामोडींनंतर एक चाकू घेतला. नाव सांगत नाही. लाकडी मुठीचा, घडीचा, कार्बन स्टीलचा, ९८० रुपयांचा. हजारात बसला. वीस रुपये उरले. पण चाकू आला म्हणजे झालं असं नसतं. त्याला धार लावायला दगड लागतो. दगड दोन लागतात, एक खरबरीत आणि एक गुळगुळीत. मग चामड्याची पट्टी लागते, तिच्यावर पातं ओढायचं. पट्टीला चोळायची हिरवी पेस्ट लागते. कार्बन स्टील गंजतं म्हणून तेल लागतं. कमरेला लावायला म्यान लागतं, कारण खिशात ठेवला तर कुणाला दिसणार? या सगळ्याची बेरीज चाकूच्या किमतीच्या अडीचपट झाली. बायकोने हिशेब मागितला तेव्हा मी तिला बजेटचं सूत्र समजावलं: मंजुरी चाकूची होती, चाकू हजारात आहे, बाकीचा देखभाल खर्च. सरकारी पुलांचंही असंच असतं.

धार तपासायच्या पद्धती ठरलेल्या आहेत. कागद हवेत धरून कापायचा. त्यात विजेचं बिल गेलं आणि ते भरलं नव्हतं. टोमॅटो नुसत्या पात्याच्या वजनाने कापला गेला पाहिजे. त्यामुळे घरात बरेच दिवस कोशिंबीर होती. शेवटची कसोटी म्हणजे हातावरचे केस. पातं चामड्यावर ओढून हातावरून फिरवायचं, केस निघाले तर धार खरी. या छंदातला माणूस ओळखायचा असेल तर त्याचा चाकू बघू नका, डावा हात बघा. मनगटापासून कोपरापर्यंत तुळतुळीत असेल तर तो आपला. ऑफिसात एका सहकाऱ्याने सलाइन लावलं होतं का म्हणून काळजीने विचारलं. पलीकडे बसणारा मात्र काही बोलला नाही. त्याने फक्त स्वतःची बाही खाली ओढली.

घरात चाकूविषयीचे नियमही बदलले. मी बायकोच्या हातात चाकू दिला तर आई ओरडायची, “हातात देऊ नकोस रे, भांडणं होतात. खाली ठेव, ती उचलेल.” खाली ठेवला तर मी ओरडायचो, कारण ओट्याच्या ग्रॅनाइटवर धार जाते. भांडणं चाकू हातात देऊनही झाली आणि न देऊनही झाली. एकदा बायकोने त्याने कांदा चिरला. कार्बन स्टीलने कांदा काळपट पडतो आणि पात्यावर निळे-करडे डाग उमटतात.

“गंजला तुझा चाकू.”

“हा गंज नाही. पॅटिना आहे. मुरत जातो तसा चाकू चांगला होतो.”

“मग लोणच्याच्या बरणीत ठेव,” ती म्हणाली.

राजगडाचा बेत ठरला. गुंजवण्यातून चढायचं, पद्मावती माचीवर जेवायचं, उतरायचं. गटाच्या व्हॉट्सॲपवर सामानाची वाटणी झाली. मी लिहिलं, ‘चाकू माझ्याकडे.’ खाली अंगठ्यांची रांग लागली. त्या अंगठ्यांचा अर्थ मला माचीवर पोचल्यावर कळला.

चढताना माझा हात सारखा म्यानाकडे जात होता. माचीवर देवळाजवळ सावली धरून बसलो. “काढा रे कापायला,” कुणी तरी म्हणालं. मी सावकाश, सगळ्यांना दिसेल असा चाकू काढला. तेवढ्यात उजवीकडून खट्ट असा आवाज झाला. डावीकडूनही झाला. एकाने मोजाच्या आतून काढला, एकाने गळ्यात अडकवलेला काढला. आमच्यातल्या इंजिनियरने सॅकमधून एवढा लांब काढला की मला खालच्या मजल्यावरचे काका आणि त्यांचे नऊ इंच आठवले. एकाने खास इंटरनेटवरून घडवून घेतला होता आणि त्याने कशाला तरी पहिला छेद द्यायचा अजून बाकी होता. क्षणात स्टेनलेसविरुद्ध कार्बन असे दोन तट पडले. प्रत्येकाने दुसऱ्याचा चाकू हातात घेऊन वजन पाहिलं, ‘छान आहे’ म्हटलं आणि मनात स्वतःचाच बरा, हे ठरवलं. सगळ्यांचे डावे हात एकसारखे तुळतुळीत होते.

“काकडी कुणाकडे आहे?” कुणी तरी विचारलं.

कुणाकडेच नव्हती. कांदाही नव्हता. लिंबूही नव्हतं. प्रत्येकाने फक्त आपल्याकडच्या सर्वांत महत्त्वाच्या वस्तूची जबाबदारी घेतली होती.

पलीकडे एक मावशी टोपली घेऊन बसल्या होत्या. ताक, लिंबू-सरबत आणि हिरव्यागार काकड्या. आम्ही सगळे चाकू उघडे धरूनच त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग आमच्या हातांकडे.

“बकरं कुठाय, दादा?”

आम्ही चाकू पाठीमागे धरले. मावशींनी टोपलीच्या कडेतून त्यांची सुरी काढली. पातं झिजून झिजून बोटाएवढं उरलेलं, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. काकडीचं टोक उडवलं, तेच टोक उलटं धरून कापलेल्या तोंडावर गोल गोल घासलं, पांढरा फेस काढून पुसून टाकला, सालीच्या दोन-चार पट्ट्या सोलल्या, बुडखा शाबूत ठेवून चार उभे छेद दिले, बोटांनी पाकळ्या फाकवल्या आणि तिखट-मीठ भरून पुढे केली. आमच्यातल्या इंजिनियरचं म्यानाचं बटण तेव्हा कुठे लागत होतं.

“मावशी, सुरी कुठली हो?” मी विचारल्याशिवाय राहिलो नाही.

“घरचीच.”

“किती वर्षं झाली?”

“कोण मोजतंय? सासूबाईंची हाय.” आणि पुढच्या गिऱ्हाइकाची काकडी त्यांनी हातात घेतली.

जेवण झाल्यावर इंजिनियरने मला बाजूला घेऊन विचारलं की असल्या बारीक, झिजलेल्या पात्याचा चाकू नवीन मिळेल का आणि साधारण कुठल्या स्टीलचा घ्यावा. उतरताना बाकीचेही त्याच चर्चेत होते. गुंजवण्यात पोहोचेपर्यंत दोघांनी यादी केली होती.

मी मात्र आता या सगळ्याच्या पलीकडे गेलो आहे. माझा चाकू तेल लावून, मऊ कापडात गुंडाळून कपाटात असतो. खंडेनवमीला तो पाटावर मांडला. विळी, कात्री, मुलीचा लॅपटॉप आणि बाल्कनीतलं खुरपं यांच्यामध्ये तो एकटाच असा होता की ज्याने वर्षभरात काही काम केलं नव्हतं, त्यामुळे हळद-कुंकू त्याच्यावरच उठून दिसलं. त्याला डोंगरात न्यायचा विचारच होत नाही. पावसात लाकडी मूठ फुगते आणि पातं उघडत नाही, लिंबाने डाग पडतात, दगडावर घसरला तर टवका उडेल. एवढ्या कष्टाने कमावलेली धार काकडीवर घालवायची म्हणजे काय!

पण ट्रेक तर चालूच आहेत, काकडीही खायची असतेच. म्हणून परवा पुन्हा बोहरी आळीत गेलो. मालक हिशेबच करत होते.

“तो हिरव्या मुठीचा, तीस रुपयांचा द्या.”

“कशासाठी?”

या वेळी उत्तर तयार होतं.

“घरी एक चांगला चाकू आहे. तो वापरावा लागू नये म्हणून.”

मालकांनी पहिल्यांदाच मान वर केली, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, “मग दोन न्या. पुढे हाही जपावासा वाटेल तुम्हाला.”

मी दोन घेतले.